अट कालची, फळ आजचं

“मजकूर वाचत बसू नका, बाई. रचना बघा. क्रियापदाखाली बोट ठेवायचं, चुकलं असेल तर गोल करायचा आणि पुढे सरकायचं. नाहीतर साठ वह्या दिवाळीपर्यंत तपासून होत नाहीत.”

देशकर सर आमच्या ज्युनिअर कॉलेजचे उपप्राचार्य. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवून त्यांचे खांदे खडूच्या रंगाचे झाले होते. माझा विषय मराठी. त्या वर्षी इंग्रजीची जागा रिकामी राहिली आणि बारावी कलाचं इंग्रजी माझ्याकडे आलं. शिकवायच्या आधी मला ते शिकावं लागे. रोज मधल्या सुट्टीत सर आपला चहा बशीत ओतून गार करत बसायचे आणि मी समोर वही उघडायची.

त्या आठवड्यात जर-तरच्या वाक्यांतला सगळ्यात अवघड प्रकार चालला होता. अर्धं वाक्य होऊन गेलेल्या गोष्टीचं, अर्धं आत्ताचं. मराठीत दोन्हीकडे ‘असतं’ म्हटलं की भागतं, इंग्रजीत तसं भागत नाही. माझी चारदा चूक झाली तेव्हा सर म्हणाले, “अट कालची, फळ आजचं. एवढं डोक्यात ठेवा. वेळेवर औषध घेतलं असतं तर आज मी हिंडत-फिरत असतो. काल आणि आज, दोन्ही एकाच दोऱ्यात.”

मी तेच वर्गात शिकवलं आणि घरून पाच-पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली. स्वतःच्या मनाची, गाईडमधली नकोत.

त्याला आता सव्वीस वर्षं झाली. नवरात्र होतं. आमच्याकडे घट बसतात. सासूबाई गेल्यापासून ते माझ्याकडेच आहेत. नऊ दिवस उपास, पायांत चप्पल नाही, अखंड दिवा, घराला कुलूप नाही आणि घट उठेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. हे नोकरीला चंद्रपूरला असत. सकाळी मी कॉलेजात असले की शेजारच्या गोदाकाकू दिव्यापाशी बसायच्या, आणि साडेबाराला मी आले की आपल्या घरी जायच्या. तो दिवा नऊ दिवसांत एकदाही विझला नव्हता, सासूबाईंच्या काळातही नाही.

आठव्या माळेच्या दिवशी सकाळी मी वह्या परत दिल्या. दुपारी दीडच्या सुमारास माळ ओवत होते, तर दारात वैदेही. बारावी कलाची पहिली. अक्षर छापल्यासारखं, वेण्या घट्ट, आवाज नेहमी ठाम. त्या दिवशी मात्र ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, वही छातीशी धरून.

“ये ना आत.”

“नको बाई. तुम्ही माझी वही तपासली?”

“तपासली की. छान लिहिलंयस. तिसऱ्या वाक्यात एक चूक होती.”

“स्पीकचं स्पोकन.”

“हो. बाकी बरोबर.”

“तेवढीच चूक होती?”

मला वाटलं मार्कांसाठी आलीय. “तेवढीच,” मी म्हटलं.

तिनं वही उघडली आणि माझ्यासमोर धरली. मी ती हातात घेतली. तिसरं वाक्य होतं: ‘इफ आय हॅड स्पीक दॅट डे, यमुना वुड बी ऑन धिस बेंच.’ स्पीकभोवती माझा लाल गोल. वर माझ्या अक्षरात स्पोकन. समासात बरोबरची खूण आणि ‘गुड’.

त्या दिवशी मी बोलले असते, तर यमुना आज या बाकावर असती.

मी ते वाक्य तपासलं होतं. वाचलं आत्ता.

“पेपर तिनं माझा नाही बघितला, बाई,” वैदेही म्हणाली. “मी तिचा बघितला. तो धडा झाला तेव्हा मी मामाच्या लग्नाला गेले होते. मला काहीच येत नव्हतं.”

सूत माझ्या हातातच राहिलं.

ऑगस्टच्या चाचणीत एकाच बाकावर बसवलेल्या या दोघींचे पेपर सारखे निघाले होते. चुकासुद्धा त्याच. एक वर्गातली पहिली, दुसरी पिंपळखुट्याहून येणारी, मागच्या बाकावरची, फारसं न बोलणारी यमुना ठोंबरे. मी कधी मुलांवर ओरडले नाही. माझा आवाजच तसा, तिसऱ्या बाकापुढे जात नाही. त्या दिवशीही मी ओरडले नाही. पर्समधून देवीच्या कुंकवाचा करंडा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “यावर हात ठेवा आणि सांगा, मी नक्कल केली नाही. माझा विश्वास बसेल.”

वैदेहीनं हात ठेवला आणि सांगितलं.

यमुनानं हात मागे बांधले. “मी नाही ठेवणार.”

“का?”

“आमच्यात नाही चालत.”

“काय नाही चालत, खरं?” मागून कोणीतरी पोरगा म्हणाला आणि वर्ग हसला. मी त्याला गप्प केलं नाही. मी म्हटलं, “देवीसमोर ज्याचा हात पुढे येत नाही, त्याला मी आणखी काय विचारणार?” वर्ग इतका शांत होता की तेवढं मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. तिच्या पेपरावर मी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी संध्याकाळी दिव्यात तेल घालताना मनात म्हटलं होतं, आईनंच निवाडा केला.

“बाई,” वैदेही दारातून म्हणाली, “उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे.”

ते मला सांगायची गरज नव्हती. मीच वर्गशिक्षिका. बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म भरून घ्यायचे, आणि उद्या बारा वाजता कारकून गठ्ठा घेऊन मंडळाच्या कार्यालयात जाणार. एकसष्ट फॉर्म आले होते. साठ भरले होते. एक कोरा माझ्या पिशवीत पडून होता. कुणाचा, ते मी आठवायचं टाळलं होतं.

पिंपळखुट्याची गाडी अडीचला. परतीची पाचला. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. घड्याळात एक चाळीस झाले होते. गोदाकाकू मुलीकडे भोंडल्याला गेलेल्या. दिव्याला दर वीस मिनिटांनी बघावं लागे, काजळी झाडायची, वात पुढे सारायची. आणि मध्ये ओढ्यावर गावाची शीव.

मी देवीकडे बघितलं. मग वैदेहीकडे.

“पाय धू आणि आत ये.”

“मी?”

“वात अशी पुढे सारायची. चिमट्यानं, हातानं नाही. काजळी धरली की इकडे झाडायची. तेल या तांब्यात आहे. वारा आला तर हे दार लोटायचं, कडी लावायची नाही. मी सहापर्यंत येते.”

“बाई, माझ्याकडून काही झालं तर?”

“तर मला सांग,” मी म्हटलं, पिशवी घेतली आणि निघाले.

ऑक्टोबरचं ऊन. डांबर तापलेलं. नऊ दिवस अनवाणी चालायची सवय होती, पण ती घर ते कॉलेज, झाडांच्या सावलीतून. स्टँडवर पोचेपर्यंत तळवे भाजून निघाले. गाडी सुटतच होती. कंडक्टरनं हात दिला आणि माझ्या पायांकडे बघितलं.

“बाई, चपला कुठं इसरल्या?”

“नवरात्र आहे.”

“मंग खिडकीपाशी बसा. देवीची सीट हाये ती,” तो म्हणाला. गाडीतले दोघंतिघं हसले. मलाही हसायला हवं होतं.

ओढ्याच्या पुलाअलीकडे शेंदूर फासलेला दगड आहे. गाडी तिथं गचके खात हळू झाली. मला उतरता आलं असतं. ‘जरा थांबवा’ एवढंच म्हणायचं होतं. सासूबाईंनी शेवटच्या आजारात माझा हात धरून सांगितलेलं कानात होतं, ‘घट बसलेत तोवर शीव ओलांडू नको गं.’ मी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पूल गेला.

ठोंबऱ्यांचं घर शोधावं लागलं नाही. संत्र्याचा हंगाम तोंडावर होता आणि गावाच्या टोकाला एका छपरातून हातोड्याचा आवाज येत होता. यमुनाचे वडील श्रीधरराव संत्र्याच्या लाकडी पेट्या बनवून बागायतदारांना पुरवत. छपराखाली फळ्यांचा ढीग, पेट्यांच्या उतरंडी, आणि मध्ये यमुना मांडी घालून पेटीला खिळे ठोकत होती. तोंडात खिळे धरलेले, एकेक काढायची आणि दोन ठोक्यांत बसवायची. मला बघून तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“यमुना.”

तिनं खिळा काढला. ठोकला.

श्रीधरराव उठून आले. डोक्याला पंचा, अंगावर लाकडाचा भुसा. “दंडवत प्रणाम, बाई. बसा जी.” त्यांनी एक पेटी पालथी घालून दिली. माझ्या पायांकडे, हिरव्या बांगड्यांकडे बघितलं. “उपास असंल तुमाले. पाणी चालते ना आमच्या घरचं? पुसलेलं बरं.”

“चालतं,” मी म्हटलं.

त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. मी पीत असताना त्यांच्याकडे बघू शकले नाही. चालतं का, हे मी त्यांच्या मुलीला विचारलं नव्हतं.

“श्रीधरराव, माझ्या हातून चूक झाली. पेपरात यमुनाचा दोष नव्हता. मला आज कळलं.”

हातोडा थांबला नाही.

“ते आमाले त्याच दिवशी माईत होतं,” श्रीधरराव म्हणाले. रागावून नाही. “पोरगी घरी आली, म्हणे, बाबा, शपथ घेतली नाही. म्या म्हणलं, बरं केलं माय. आमी महानुभाव, बाई. तुमच्या देवीचा अपमान नाही जी. पण आमचे हात एकालेच जोडले हायेत. ते दुसरीकडं ठेवता येत नाहीत. आन् माझी माय तर म्हणे, खरं बोलणाऱ्याले शपथ कायले लागते?”

अकरा वर्षं मी मराठीच्या तासाला महानुभावांचं गद्य शिकवत होते. जुनी रूपं, प्रत्यय, वाक्यरचना. मुलांकडून पाठ करून घेत होते. माझ्यासमोर उभी राहून एक मुलगी म्हणाली, ‘आमच्यात नाही चालत,’ तेव्हा त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही.

मी पिशवीतून फॉर्म काढला. “उद्या बारापर्यंत द्यायचा आहे. सही आणि फोटो. बाकी मी भरते. यमुना, एवढं कर. वर्ष जाईल तुझं.”

तिनं तोंडातले उरलेले खिळे तळहातावर काढले. पहिल्यांदाच बोलली. “वैदेहीनं सांगितलं?”

“हो.”

“मग तिले काय शिक्षा दिली?”

“घरी दिव्यापाशी बसवून आलेय.”

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि गेलं. “हात ठेवणं सोपं होतं, बाई. तिनं ठेवला की. मी नक्कल केली असती ना, तर मीही ठेवला असता. घाबरून.”

“मी चुकले. मी तुझी माफी मागते.”

“इथं?”

मी फॉर्म मांडीवर ठेवला.

तिनं छपराखाली नजर फिरवली. “इथं कोण हाये, बाई? पेट्या.”

“यमुने,” श्रीधरराव म्हणाले.

“नाही बाबा, बोलू द्या. गावातल्या तीन पोरी जातात त्या कॉलेजात. गाडीतून मला पाहून अजून म्हणतात, आमच्यात नाही चालत. किराणा आणायले गेली तरी म्हणतात. बाईंनी म्हटलं ते वर्गात म्हटलं.”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. माझं लक्ष मनगटातल्या घड्याळाकडे गेलं. चार वाजून गेले होते. त्या दिव्याला आता कितव्यांदा काजळी आली असेल, असं मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

“उद्या पहिला तास माझाच आहे,” मी म्हटलं. “साडेसातला. मी वर्गात सांगेन.”

“काय सांगाल?”

“खरं काय झालं ते. पेपर कुणी कुणाचा बघितला...”

“वैदेहीचं नाव नका घेऊ.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“तिचं तिले घेऊ द्या, घ्यायचं असंल तर,” यमुना म्हणाली. “पेपर तिनं पाहिला. पण करंडा तिनं नव्हता ठेवला. तुम्ही तुमचं नाव घ्या.”

श्रीधररावांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि फळ्या मोजायचं निमित्त करून पलीकडे गेले.

“घेईन,” मी म्हटलं.

“सकाळच्या गाडीनं येते मग. वर्गात नाही येणार. बाहेर टाकीपाशी उभी राहीन. ऐकू आलं तर फॉर्म भरीन. नाही आलं तर पावणेनऊची परतीची गाडी हाये.”

“येईल ऐकू.”

“बाई,” ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती काळजी होती, “तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत नाही. मी सव्वा वर्ष तिथंच बसली.”

“येईल,” मी पुन्हा म्हटलं. “शब्द देते.”

“शपथ नाही ना घेत?” तिनं विचारलं.

“नाही. शब्द.”

तिनं खिळे परत ओठांत धरले.

परतीची गाडी पाऊण तास उशिरा आली. शिवेचा दगड दुसऱ्या बाजूनं गेला. गावात शिरले तेव्हा देवळात आरतीची घंटा वाजत होती. मी जवळजवळ धावत गेले. तळव्याला कुठंतरी खिळा किंवा काटा लागला होता, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

घराचं दार लोटलेलं. आत दिवा जळत होता. ज्योत सरळ, छान. वैदेही भिंतीला टेकून समोर बसली होती, बोटं तेलकट, डोळे सुजलेले. मी हात जोडायला वाकले.

“बाई, थांबा.”

मी थांबले.

“एकदा विझला,” ती म्हणाली. “साडेचारला. मी काजळी झाडत होते, वात तेलात बुडाली. मी लगेच परत लावला. कुणी नव्हतं बघायला. तुम्हाला कळलं नसतं.” ती रडत नव्हती. “पण तुम्ही म्हणाला होतात, सांग.”

दिवा तसाच जळत होता. विझून लागलेला आणि न विझलेला यांत बघून फरक कळत नाही. माझ्या आधी बावीस वर्षं सासूबाईंनी तो राखला, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनी. मी खाली बसले. देवीच्या चेहऱ्याकडे बघितलं तर ती सकाळी होती तशीच होती.

“काही खाल्लंस का?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. मी उठून तिला दूध दिलं, राजगिऱ्याचा लाडू दिला. ती खात असताना मी म्हटलं, “उद्या पहिल्या तासाला मी वर्गात बोलणार आहे. तुझं नाव घेणार नाही. यमुनानंच घेऊ नका म्हणून सांगितलंय.”

तिच्या हातातला लाडू तसाच राहिला. “तिनं?”

“तिनं.”

ती घरी गेल्यावर मी वात सरळ केली, तेल घातलं. त्या संध्याकाळी मी देवीला काहीच मागितलं नाही. निवाडासुद्धा.

सकाळी नववी माळ चढवून, गोदाकाकूंना बसवून कॉलेजात गेले. सव्वासात झाले होते. स्टाफरूममध्ये देशकर सर एकटेच, बशीत चहा ओतत.

“झाल्या का वह्या परत देऊन?”

“दिल्या सर. आज पुन्हा गोळा करणार आहे.”

“पुन्हा? का? क्रियापदं सुटली काय?”

“क्रियापदं नाही सुटली.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “बाई, तुम्हाला बरं नाही का? आवाज बसलाय.”

खरंच बसला होता. पहाटे स्तोत्र म्हणतानाच लक्षात आलं होतं. उपास, ऊन, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी सरांच्या तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि उभ्यानंच प्यायले. पर्समध्ये करंडा होता. तो काढला आणि माझ्या कपाटात, आतल्या कप्प्यात ठेवून दिला. तो पुन्हा कधी वर्गात न्यायचा नाही, असा माझा तेव्हापासून नेम झाला. बाकीच्या नेमांसारखाच.

घंटा झाली.

व्हरांड्यात आले. मैदानापलीकडे पाण्याच्या टाकीपाशी, पिवळी ओढणी घेतलेली एक मुलगी उभी होती. हातात वह्या नव्हत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, टाकीच्या नळाकडे बघत होती. वर्गापासून तिच्यापर्यंत मी नजरेनं अंतर मोजलं. पन्नास पावलं असतील, जास्तच.

वर्गाच्या मैदानाकडच्या तीन खिडक्या ऊन येतं म्हणून मुलं लावून घेत. मी बाहेरून जाता जाता पहिली ढकलली. ती जाम होती, तळहातानं दोनदा मारावं लागलं. मग दुसरी उघडली. तिसरीचं दार आतून वैदेहीनं उघडलं. आमची नजर भेटली आणि ती आपल्या बाकापाशी जाऊन उभी राहिली. बसली नाही.

मी घसा साफ केला आणि दाराकडे निघाले.